एका फळीवरची चार पुस्तके

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की माझे पुस्तकांचे कपाट हा आमच्या घरात दरवर्षी वादाचा विषय होतो. यंदाही झाला. "यातली निम्मी रद्दी आहे," असे सौ.चे म्हणणे आणि "रद्दी कोणती ते मी ठरवीन," असे माझे. या गोंधळात नातू मदतीला आला. त्याने तिसऱ्या फळीवरची पुस्तके खाली काढली, धूळ झटकली आणि विचारले, "आजोबा, ही सगळी एकत्र का ठेवलीत? यांचा एकमेकांशी काय संबंध?"

त्या फळीवर चार पुस्तके शेजारी शेजारी होती. बी. रघुनाथांच्या कविता, वरती शाळेचा गोल शिक्का. दांडेकर समितीच्या अहवालाची बांधून घेतलेली झेरॉक्स प्रत. मुखपृष्ठ फाटलेली एक रहस्यकथा. आणि लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या'. म्हणजे कविता, आकडेवारी, गुन्हेगारी कथा आणि आत्मकथन. ग्रंथपालाने पाहिले असते तर माझी पदवी काढून घेतली असती!

"काही संबंध नाही रे," मी म्हणालो. पण ते खरे नव्हते. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करतो. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा कंधारच्या तहसिलीत कारकून होते. लोहा तेव्हा कंधार तालुक्यातच होते. त्यांचे शिक्षण उर्दूत झाले. निजामाच्या राज्यात १८८४ च्या सुमारास सरकारी कामकाज फारसीतून उर्दूत आले आणि पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. घरात मराठी, देवळात संस्कृत, कचेरीत उर्दू अशी तीन भाषांची माणसे त्या पिढीत गल्लोगल्ली होती. दादा हिशेब फसली सनात करायचे. फसली १३५७ म्हणजे आपले १९४७-४८, हे गणित मला त्यांनीच शिकवले.

माझा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. कागदावर राज्य तीनदा बदलले, पण दादांच्या उशाखालचे पुस्तक बदलले नाही. ते होते इब्ने सफी यांच्या 'जासूसी दुनिया'चे.

इब्ने सफी हे नाव आजच्या मराठी वाचकाला माहीत असण्याचे कारण नाही. जन्म १९२८ चा, अलाहाबाद जिल्ह्यातला. १९५२ साली त्यांनी अलाहाबादेतून ही मालिका सुरू केली आणि त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. पण पुस्तके दोन्हीकडे निघत राहिली आणि हैदराबादहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून ती आमच्या गावात पोचत. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद हे त्यांचे नायक. रात्री जेवणे झाली की दादा कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचायचे आणि मायला मराठीत सांगायचे. मला वाटते, माझ्या आयुष्यातला पहिला अनुवाद मी असा ऐकला.

पुढे मी मराठी शाळेत शिकलो आणि दादांची लिपी मला कधी वाचता आली नाही. पण नाद मात्र वारशाने आला. आमच्या पिढीला बाबूराव अर्नाळकर होते. १९०६ साली जन्मलेल्या या गृहस्थाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी महाराष्ट्रातल्या किती मुलांना वाचायला लावले याची मोजदाद कुणी केली नाही. सत्तरच्या दशकात गुरुनाथ नाईक आले, त्यांनीही बाराशेच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. बसस्टँडजवळ भाड्याने पुस्तके देणारे दुकान असे. अनामत ठेवायची, दिवसाचे काही पैसे द्यायचे आणि सकाळी नेलेले पुस्तक संध्याकाळी परत करायचे. साहित्यिक मंडळी या पुस्तकांना नाक मुरडतात. मी मात्र म्हणेन, मराठवाड्यात वाचनाची गोडी लावण्याचे निम्मे काम या पॉकेटबुकांनी केले.

आता हे मोठे विधान झाले, म्हणून थोडी आकडेवारी सांगतो. १९५१ च्या जनगणनेत भारतात शंभरातली अठरा माणसे साक्षर होती. हैदराबाद राज्यात ती जेमतेम नऊ होती. याचा अर्थ असा, की गावात पत्र आले तर ते वाचून घेण्यासाठी माणूस शोधावा लागे. खासगी शाळा काढायला निजामी सरकारची परवानगी लागे. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ आडवे येई. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, पण त्याआधी ते शिक्षक होते. हिप्परगा आणि अंबाजोगाई इथल्या शाळांमधून त्यांचे काम सुरू झाले, हे विसरून चालत नाही. आमच्याकडे शाळा काढणे हेच एक आंदोलन होते. वाचनालयांचा कायदा हैदराबाद राज्यात १९५५ साली आला आणि महाराष्ट्रात १९६७ साली. तोवर आमच्या भागात वाचनालय म्हणजे कुणाच्या तरी ओसरीवरचे एक कपाट.

या नऊ टक्क्यांतून कवी निघाले, याचे मला आजही नवल वाटते. नांदेडचे वा. रा. कांत आणि परभणीचे बी. रघुनाथ, दोघांचा जन्म १९१३ चा. कांतांना त्यांच्या गाण्यांमुळे सगळा महाराष्ट्र ओळखतो. बी. रघुनाथांना तेवढे भाग्य लाभले नाही. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. मॅट्रिक झाले आणि निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून म्हणून चिकटले. दिवसभर रस्त्याच्या आणि पुलाच्या फायली आणि रात्री कविता, कथा, कादंबऱ्या. 'आलाप आणि विलाप' हा संग्रह १९४१ चा. कादंबऱ्याही त्यांनी सहा-सात लिहिल्या. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीत काम करता करताच ते गेले. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा संग्रह त्यांच्यामागे १९५५ साली निघाला. माझे दादाही कारकूनच होते, म्हणून असेल कदाचित, पण या कवीविषयी मला पहिल्यापासून घरच्या माणसासारखी माया आहे.

नांदेडला पीपल्स कॉलेजात मी बी.ए. केले. विषय मराठी. त्या काळात नांदेडला असणे म्हणजे नरहर कुरुंदकर गुरुजींची व्याख्याने ऐकायला मिळणे. त्यांना ऐकून आलेला मुलगा आपण फार विचारी आहोत अशा भ्रमात आठवडाभर तरी असे. मीही होतो. तो भ्रम पुढे कसा उतरला, ते आता सांगायचे आहे. इतके दिवस हे मी कुठे लिहिले नाही. घरात फक्त सौ.ला ठाऊक आहे.

१९७९ सालची गोष्ट. मी तालुक्यातल्याच एका खेड्यात शिक्षक होतो. गावाचे नाव नको. गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे काही पालं होती. ज्यांच्या माथ्यावर एके काळी सरकारनेच 'जन्मजात गुन्हेगार' असा शिक्का मारला होता, अशा एका जमातीची ती वस्ती. त्यातला एक मुलगा आमच्या सातवीत होता. त्या वस्तीतून सातवीपर्यंत पोचलेला तो एकटाच. अक्षर सुरेख, पाठांतर उत्तम. शाळेला पुस्तकांची एक लाकडी पेटी होती आणि त्या पेटीची वही मीच ठेवायचो. पेटीतली पुस्तके सगळ्यांत जास्त त्याच्याच नावावर जात.

माळेगावच्या खंडोबाची यात्रा नुकतीच झाली होती. मी लोह्याच्या दुकानातून एक रहस्यकथा भाड्याने आणली होती आणि ती शाळेतल्या टेबलाच्या खणात ठेवून मधल्या सुट्टीत वाचत असे. एके दिवशी सकाळी खण उघडला तर पुस्तक नाही. आदल्या संध्याकाळी वर्ग झाडायची पाळी त्या मुलाची होती. एवढेच मला पुरे झाले.

मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि त्याची पिशवी टेबलावर उपडी केली. दोन वह्या, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी आणि एक पुस्तक. पुस्तक पाहताच मी झडप घातली. ते बी. रघुनाथांच्या कवितांचे होते. आमच्या पेटीतलेच.

"म्या नाही घेतलं गुरुजी," तो म्हणाला. "हे पुस्तक वहीत लिहून नेलंय."

वहीत नोंद होती. माझ्याच अक्षरात. वर्गात कुणी तरी हसले आणि मी त्या हसणाऱ्याला काही बोललो नाही. त्याला "बस खाली" एवढेच म्हणालो. चुकलो, असे म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी तो शाळा भरायच्या आधी आला असावा. कविता टेबलावर नीट ठेवलेल्या होत्या आणि पेटीच्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने 'परत' लिहून सही केली होती. त्यानंतर तो शाळेत आला नाही. मी दोनदा निरोप पाठवला. स्वतः ओढा ओलांडून गेलो नाही. मार्चमध्ये जनरल रजिस्टर पूर्ण करायचे होते. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात मी 'स्थलांतर' असे लिहिले.

एप्रिलमध्ये उन्हाळा सुरू झाला तशा आम्ही रजया ट्रंकेत ठेवायला काढल्या. एका रजईच्या घडीत ती रहस्यकथा निघाली. रात्री वाचायला मीच घरी आणली होती आणि विसरलो होतो.

रहस्यकथांचा एक साधा नियम आहे. ज्याच्यावर पहिल्या प्रकरणात संशय येतो, तो चोर नसतो. दादांच्या तोंडून आणि स्वतःच्या डोळ्यांनी मी अशा दोन-तीनशे कथा पचवल्या होत्या. पण तो नियम मला पुस्तकाबाहेर वापरता आला नाही. दुकानदाराला अनामत केव्हाच सोडून दिली होती, त्यामुळे ते पुस्तक माझेच झाले. फळीवरची फाटकी रहस्यकथा ती हीच.

फेब्रुवारी १९८१ मध्ये जनगणना आली. शिक्षक म्हणून मी प्रगणक होतोच आणि ती वस्ती माझ्याच गटात आली. ओढ्यापलीकडे मी तेव्हा पहिल्यांदा गेलो. तीन चुली विझलेल्या होत्या, एका पालाच्या नुसत्या खुंट्या उरल्या होत्या. शेजारच्या म्हातारीला विचारले, तर ती म्हणाली, "गेले. कुठं गेले म्हणून सांगू?" माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. एका अर्थी वर्षभर आधी मी लिहिलेले 'स्थलांतर' खरे ठरले होते.

आकडेवारीचा आदर करायला मी मात्र पुढे शिकलो. १९८३ साली राज्य सरकारने वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा एकेका विषयात राज्याची सरासरी काढायची आणि कोणता जिल्हा त्या सरासरीच्या किती खाली आहे ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत. या खाली राहण्याला त्यांनी पैशात मांडले. साऱ्या राज्याचा अनुशेष निघाला सुमारे ३,१८६ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५० कोटी. 'अनुशेष' हा शब्द त्यानंतर आमच्याकडे चहाच्या टपरीवर पोचला. आमचे मागासलेपण ही नुसती तक्रार नाही, तिला आकडा आहे, हे त्या अहवालाने दाखवले. म्हणून मी त्याची झेरॉक्स करून घेतली.

पण त्याच अहवालातली शाळांची कोष्टके वाचताना मला सारखे एक वाटायचे. शाळा किती, शिक्षक किती, गळती किती, हे सगळे आकडे शेवटी आमच्यासारख्यांच्या रजिस्टरांतून वर जातात. माझ्या रजिस्टरात तर एक खोटे कारण लिहिलेले आहे. तालुक्याला ते 'स्थलांतर' म्हणून गेले, जिल्ह्याला गेले, राज्याच्या बेरजेत मिसळले. आकडा चुकला नव्हता. एक मुलगा कमी झाला, हे खरेच होते. कारण तेवढे चुकीचे होते, आणि ते कारण मी होतो.

१९८७ मध्ये 'उचल्या' आले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्याआधी प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मी वाचले होते. तेही उदगीरकडचे. शिकण्यासाठी एका अनाथ पोराने काय काय सोसले ते त्यात आहे. ते वाचून मला वाईट वाटले होते. 'उचल्या' वाचताना मात्र मला घाम फुटला. कारण त्या पुस्तकात शाळा आहे, गुरुजी आहेत आणि घराण्यात पहिल्यांदाच शाळेत गेलेला एक मुलगा आहे. मी ते पुस्तक मुलाच्या बाजूने वाचायला घेतले आणि पानोपानी गुरुजींच्या खुर्चीत जाऊन बसत राहिलो.

त्या निमित्ताने मी इतिहास धुंडाळला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसाने काही करण्याआधीच, केवळ जन्मामुळे तो गुन्हेगार ठरे. नाव पोलिसांच्या दप्तरी, गाव सोडायचे तर परवाना, ठरलेल्या वेळी हजेरी. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटी होत्या. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, देशभरातून हा कायदा गेला. म्हणून तो दिवस ही मंडळी विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशय तसाच राहिला. १९७९ साली, कायदा जाऊन सत्तावीस वर्षे झाल्यावर, एका बी.ए. झालेल्या, कुरुंदकरांची व्याख्याने ऐकलेल्या मास्तराच्या डोक्यात तो शाबूत होता. कायदे रद्द करता येतात, सवयी रद्द करायला कुठले राजपत्र निघत नाही.

आणि ही माणसे आहेत तरी किती? रेणके आयोगाने २००८ साली अहवाल दिला, त्यात भटक्या-विमुक्तांची संख्या दहा-अकरा कोटींच्या घरात असल्याचा अंदाज होता. अंदाजच, कारण देशातल्या सर्व जातींची मोजणी १९३१ नंतर झालेली नाही. २०२१ ची जनगणना लांबली आणि आता २०२७ साठी ठरली आहे. तीत जातींचीही नोंद व्हायची आहे. आमची सून शिक्षिका आहे. तिला प्रगणक म्हणून नेमणूक येईलच. मी तिला सांगून ठेवले आहे, की विझलेली चूल दिसली तर पुढच्या घराकडे जायची घाई करू नकोस. शेजारी विचार, आणि नाव विचार.

शेवटी राहिल्या कविता. मी निवृत्त होण्याच्या थोडे आधी शाळेतली जीर्ण पुस्तके निर्लेखित करायची होती. मी तेव्हा दुसऱ्या शाळेवर होतो, पण कळले तसा गेलो, किंमत भरून पावती घेतली आणि बी. रघुनाथांचे ते पुस्तक घरी आणले. पेटीची जुनी वहीही तिथे होती. ती मला मिळाली नाही, आणि मागायचे धैर्यही झाले नाही. पण ते पान मी उघडून पाहिले. 'परत' हा शब्द आणि त्याखाली सही. सातवीतल्या मुलाची, जपून केलेली.

नातवाला मी त्या दिवशी एवढे सगळे सांगितले नाही. पण आता लिहिले आहे, तेव्हा तो वाचेलच. त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे: ही चार पुस्तके चार विषयांची दिसतात, पण ती एकाच मुलाच्या पाठोपाठ माझ्या घरी आली. एकामुळे मी त्याच्यावर आळ घेतला. दुसरे तो जपून परत करून गेला. तिसऱ्यात तो कुठल्या तरी बेरजेत हरवला आहे. आणि चौथ्याने मला सांगितले, की त्याच्या बाजूने ही गोष्ट कशी दिसली असेल.

तो आज साठीच्या आसपास असेल. त्याने पुढे शाळा पाहिली की नाही, मला माहीत नाही. पाहिली असेल, अशी आशा करण्याचा अधिकारही मी गमावला आहे, तरी करतो.

असो. कपाट झाडून झाले. पुस्तके पुन्हा त्याच फळीवर, त्याच क्रमाने ठेवली आहेत. सौ.नेही या वेळी रद्दीचे नाव काढले नाही.